फिक्सी, सिंगल स्पीड की गिअरची? आधी रस्त्यातले उतार बघा

पुण्यात रोज सायकलनं ऑफिसला किंवा कॉलेजला जायचं ठरवलं की दुकानात तीन प्रकार समोर येतात. एक गिअरची हायब्रिड. दुसरी एकाच गिअरची, म्हणजे सिंगल स्पीड. आणि तिसरी दिसायला हुबेहूब दुसरीसारखी, पण फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक फिरू देणारी यंत्रणा) नसलेली फिक्स्ड गिअर, जिला सगळे फिक्सी म्हणतात. तिघींत देखणी फिक्सीच, यात वाद नाही. केबलींचं जंजाळ नाही, गिअर बदलताना चेन सरकवणारा डिरेलर नाही, एका रेषेत ताणलेली चेन आणि बारीक नळ्यांची फ्रेम. पण नुसत्या रूपावर भाळून घेतलेली फिक्सी पहिल्या पावसाळ्यानंतर बाल्कनीत धूळ खाते, हेही बऱ्याच घरांत पाहिलंय. म्हणून पैसे देण्याआधी तिघींना तुमच्या रोजच्या रस्त्यावर उभं करून बघा.

फरक एवढाच, की साध्या सायकलीत पाय थांबवले तरी चाक पळत राहतं, फ्रीव्हील कटकट वाजत राहतं. फिक्सीची मागची दातेरी चकती थेट हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, घट्ट बसलेली असते. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, मग तुम्हाला हवं असो वा नसो. पाय पुढे रेटले की वेग वाढतो, पायांनी रोखून धरलं की कमी होतो. मूळची ही ट्रॅकवरची सायकल. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीत जे संकुल उभं राहिलं, तिथे असा ट्रॅक आहे. ट्रॅकच्या सायकलींना ब्रेक नसतात, कारण तिथे सगळे एकाच दिशेनं जातात आणि कुणीही अचानक थांबत नाही. टिळक रस्त्यावर यातलं काहीच लागू होत नाही.

पहिला प्रश्न सगळे चढाचा विचारतात. एका गिअरवर चढ जमेल का? जमतो. उभं राहून दोन पायांवर जोर दिला की शहरातले बहुतेक चढ निघतात, आणि फिक्सीत तर चाकाची गतीच पायडल वरच्या टोकातून पुढे ढकलते, त्यामुळे चढावर ती सिंगल स्पीडपेक्षा थोडी सोपीच वाटते. खरी परीक्षा उताराला असते, आणि ती दुकानातल्या चक्करीत कधीच कळत नाही.

आकडेच बघा. पुढे ४६ दाते आणि मागे १६ असतील तर ७०० च्या (रोडबाइकच्या नेहमीच्या मापाच्या) चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ६ मीटर पुढे जाते. चांदणी चौकातून कोथरूडकडे उतरताना ताशी ४० किलोमीटरचा वेग सहज येतो. त्या वेगाला पाय मिनिटाला ११० फेरे मारत असतात. सवय असलेल्याला हे झेपतं. पण ४६/१६ चढाला जड आणि गुडघ्यांना वाईट, म्हणून समजा तुम्ही ४२/१८ केलं. आता एका फेऱ्यात ५ मीटरच, आणि त्याच उतारावर त्याच वेगाला १३० च्या वर फेरे. त्या गतीला पाय पायडलवर ठरत नाहीत, कंबर सीटवर आपटायला लागते. पाय एकदा सुटला की फिरणारं पायडल नडगी फोडतं आणि पायांनी वेग रोखायचा मार्गही तिथेच संपतो. म्हणजे फिक्सीत चढ हलका केला की उतार अवघड होतो. सिंगल स्पीडमध्ये हा पेच नाही. तिथे ४२/१८ नं आरामात चढा आणि उतरताना पाय सरळ धरून बसून राहा. गिअरच्या सायकलीत तर प्रश्नच उद्भवत नाही.

त्यामुळे माझा हिशेब सरळ आहे. रस्त्यात कात्रज, बावधन किंवा चांदणी चौकासारखा लांब उतार रोज असेल तर फिक्सी घेऊ नका. गिअरची घ्या. उतार आहेत पण छोटे, सेनापती बापट रस्त्यासारखे, तर सिंगल स्पीड उत्तम. फिक्सी अशांनी घ्यावी ज्यांचा रस्ता जवळपास सपाट आहे: पेठा, डेक्कन, लॉ कॉलेज रस्ता, कॅम्प. नागपूरकरांना भूगोल पुण्यापेक्षा जास्त साथ देतो. पणजीत मांडवीच्या काठानं मजेत चालवाल, आल्तिनोची टेकडी उतरताना मात्र वरचाच हिशेब लागू.

उतारानंतर येतात स्पीडब्रेकर. फ्रीव्हीलवाली सायकल असेल तर आपण नकळत दोन्ही पायडल आडवी एका पातळीत आणतो, सीटवरून किंचित उठतो, धक्का गुडघ्यांत जिरवतो. फिक्सीवर पाय फिरत असतानाच उठावं लागतं आणि धक्का बसतो तेव्हा पायडल कुठे असेल हे आपल्या हातात नसतं. वळताना तर आतल्या बाजूचं पायडल खाली येऊन रस्त्याला घासू शकतं. म्हणूनच या सायकलींना १६५ मिलिमीटरचे आखूड क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, लावतात. जुनी रोडबाइक बदलून फिक्सी केलेली असेल तर तिचा क्रँक बहुधा १७० चा आणि फ्रेमचा तळही खाली असतो, तिथे हा धोका जास्त. टायर फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद घाला, २८ किंवा ३२ मिलिमीटरचे. तेवीसचे टायर आपल्या रस्त्यांवर कुठल्याच सायकलीला घालू नयेत.

मग फिक्सीत चांगलं काय? पुष्कळ आहे. लक्ष्मी रस्त्यावर संध्याकाळच्या गर्दीत माणसाच्या चालीनं सरकायचं असेल तर फिक्सीसारखी सायकल नाही. ब्रेकला हात न लावता पायांच्या जोरावर वेग बोटभर कमी-जास्त करता येतो, आणि मागचं चाक नेमकं काय करतंय ते तळपायाला कळतं. पावसात रिम ओली असली की रिमब्रेकला पहिला फेरा-दोन फेरे पकड नसते. त्या क्षणी पायांचा रोध कामाला येतो. खणलेल्या रस्त्यांचा चिखल डिरेलरमध्ये जाऊन गिअर अडकण्याचा प्रकार इथे नाही, आणि सिंगल स्पीडमध्येही नाही. जून ते सप्टेंबर रोज सायकल चालवणाऱ्याला ही सोय किती मोठी आहे ते चालवूनच कळतं.

याची किंमत म्हणजे सतत जागं राहणं. रिक्षा डावीकडे वळली, पीएमपीची बस थांब्याला घुसली, तरी पाय चालूच. दहा-बारा तासांच्या कामानंतर घरी जाताना ज्यांना सायकलवर जरा सैलावायचं असतं, त्यांनी स्वतःला हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारावा.

आणि अंगवळणी पडलेल्या सवयी बदलाव्या लागतात. डावा पाय पायडलवर ठेवून दोन ढकला मारायच्या आणि टांग टाकून बसायचं, ही आपल्याकडची पद्धत फिक्सीवर चालत नाही, कारण पायाखालचं पायडलच खाली-वर होतं. चालत्या सायकलवरून टांग टाकून उतरणंही बंद. पूर्ण थांबा, पाय टेका, मग उतरा. सिग्नलला निघताना पायडल सोयीच्या जागी आणायला उलटं फिरवता येत नाही. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर थोडा भार द्यायचा, मागचं चाक जमिनीपासून किंचित उचललं जातं, तेवढ्यात पायानं पायडल वर घ्यायचं. आठवडाभरात हे जमून जातं, पण सराव मोकळ्या मैदानावर करा, सिंहगड रस्त्यावर नको.

कपड्यांचं मात्र गांभीर्यानं घ्या. ओढणी, पँटची सैल मोहरी, सुटलेली बुटाची नाडी चेनमध्ये गेली तर साध्या सायकलीत पाय थांबवून सुटका होते. फिक्सीत चाक ती ओढतच राहतं. पूर्ण चेनकव्हर या सायकलींना बहुधा नसतं. शिवाय पाय पायडलवर बांधून ठेवणारा पट्टा लागतो, म्हणजे चपला बाद. साडी किंवा ओढणी रोजची असेल तर चेनकव्हर आणि मडगार्ड असलेली साधी सिंगल स्पीड घ्या, दुसरा विचार नको. कॅरिअर लावून दळण आणायचं किंवा डबलसीट न्यायचं असेल तरीही तेच.

ब्रेकबद्दल माझं मत ठाम आहे. पुढचा ब्रेक नसलेली फिक्सी शहरात चालवू नये. थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागच्याची पकड कमी होते, त्यामुळे पायांनी कितीही रोखलं तरी थांबायला कितीतरी जास्त अंतर लागतं. लंडनमध्ये २०१६ साली पुढचा ब्रेक नसलेल्या फिक्सीच्या धडकेत पायी जाणाऱ्या एका महिलेचा जीव गेला आणि चालवणाऱ्याला पुढच्या वर्षी १८ महिन्यांची कैद झाली. ब्रिटनच्या नियमात फिक्सीचं मागचं चाक हा एक ब्रेक धरला जातो, पण पुढचा असावाच लागतो. चाक लॉक करून घसरवत थांबण्याचं प्रात्यक्षिक कुणी दाखवलं तर बघा आणि सोडून द्या. ओल्या झेब्रा पट्ट्यांवर आणि वाळूवर त्यानं माणूस पडतो, टायर झिजतो तो वेगळाच. ४८/१६ असेल तर टायर प्रत्येक वेळी एकाच जागी घासला जातो, कारण पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे होतात.

आता देखभाल. गिअरच्या सायकलीला कामं जास्त: केबल ताणणं, डिरेलर जुळवणं, चेनबरोबर कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) बदलणं. पण त्यात थोडी हयगय झाली तर गिअर नीट पडत नाही, इतकंच. फिक्सीची कामं मोजकी आणि बिनसवलतीची. चेन सैल राहिली आणि उतरली तर मागचं चाक तिथेच अडकून तुम्हाला रस्त्यावर टाकू शकतं.

चेन अशी ताणा. मागच्या एक्सलचे दोन्ही नट १५ च्या पान्ह्यानं थोडे सैल करा, चाक मागे ओढा, चाक फ्रेमच्या बरोबर मध्ये आहे ना ते बघून आधी उजवा आणि मग डावा नट आवळा. आता पायडल सावकाश फिरवा. पुढची चकती कधीच अगदी गोल नसते, त्यामुळे चेन एका जागी जास्त ताणलेली लागते. त्या जागी थांबून चेनच्या मधोमध बोटानं दाबा, साधारण सेंटिमीटरभर खाली-वर झाली पाहिजे. त्याहून कमी असेल तर बेअरिंग खातील आणि पायडल जड जाईल. जास्त असेल तर चेन उतरण्याचा धोका. चेनची झीज फूटपट्टीनं मोजा: नव्या चेनच्या बारा जोडकड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक) बरोबर १२ इंच भरतात, त्या इंचाच्या सोळाव्या भागानं वाढल्या की चेन बदला. आणि फिक्सीची चेन पुसताना मागचं चाक फिरवून फडकं धरण्याची सवय कायमची सोडा. बोट चेन आणि चकतीच्या मध्ये गेलं की चाक थांबत नाही, बोट तुटतं. फडकं थांबलेल्या चेनवर चालवा, हात बाजूला घ्या, मग चेन पुढे सरकवा.

पंक्चरची काळजी नको. कोपऱ्यावरचा सायकलवाला चाक न काढता टायरची एक बाजू उचकटून ट्यूब बाहेर घेतो आणि ठिगळ लावतो. चाक काढावंच लागलं तर पान्हा तुमच्याजवळ ठेवा आणि परत बसवताना स्वतः उभे राहा. घाईत वाकडं बसलेलं चाक आणि कचकचून ताणलेली चेन हे नेहमीचं आहे.

मला विचाराल तर ज्यांचं अजून ठरत नाही त्यांनी दोन्हीकडे आटे असलेल्या हबची सायकल घ्यावी. एका बाजूला फ्रीव्हील, दुसऱ्या बाजूला फिक्सीची चकती, आणि चाक उलटं बसवलं की सायकल बदलते. सुरुवात फ्रीव्हीलनं करा, पुढेमागे दोन्ही ब्रेक लावून, कारण फ्रीव्हीलच्या बाजूला पायांचा रोध मिळत नाही. दाते ४४/१८ च्या आसपास ठेवा. रस्ता आणि पाय दोन्ही ओळखीचे झाले की एखाद्या रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर चाक उलटवून बघा. मी ओळखीत हाच सल्ला देतो, आणि त्यातले बरेच जण फ्रीव्हीलवरच राहतात. त्यात काही वावगं नाही.

जुनी घेत असाल तर मागचा हब नीट बघा. खऱ्या फिक्सीच्या हबवर दोन पायऱ्यांचे आटे असतात: मोठ्यावर चकती, आणि तिच्याबाहेर लहान, उलट्या आट्यांवर लॉकरिंग. पायांनी रोखल्यावर चकती सुटायला बघते, तिला ते लॉकरिंग धरून ठेवतं. स्वस्तात फिक्सी करायची म्हणून काही जण साध्या हबवर चकती चढवतात किंवा फ्रीव्हीलच वेल्ड करून टाकतात. तिथे लॉकरिंगला जागाच नसते आणि जोरात रोखलं की चकती उलटी फिरून निघते, नेमकी थांबायची गरज असते तेव्हा. लॉकरिंग असेल पण त्यावर छिन्नी-हातोडीचे घाव दिसत असतील तर ते हत्याराविना ठोकून बसवलंय असं समजा, आणि ते उघडून खालचे आटे बघितल्याशिवाय सौदा करू नका.