स्केटिंग, स्विमिंग की मल्लखांब? ठाण्यात पाच वर्षांच्या मुलीसाठी क्लास निवडताना

एप्रिल संपत आला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय, पोरांना कुठल्या क्लासला घालायचं. मागच्या वर्षी आमचंही तेच चाललं होतं, लेक पाच पूर्ण होत होती, आम्ही मानपाड्याला राहतो आणि पर्याय तीन होते. सोसायटीतच स्केटिंग, जवळच्या एका पूलवर स्विमिंग, नाहीतर नौपाड्याच्या बाजूला मल्लखांब. फी आणि सर्टिफिकेटची चौकशी बाजूला ठेवून मी तिन्हीकडे एकेक दिवस नुसती बसून राहिले आणि मोबाईलवर वेळ मोजला, तासाभरात एक मूल खरंच किती मिनिटं हलतंय. तुम्हीपण हे नक्की करा, अर्धा निर्णय तिथेच होतो. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते दमवणारी हालचाल सांगते आणि आठवड्यातले निदान ३ दिवस हाडं-स्नायू मजबूत करणारं काहीतरी हवं म्हणते.

स्केटिंगचा मोठा फायदा म्हणजे जायचं-यायचं काही नाही, लिफ्टने खाली उतरलं की झालं. तोल छान सुधारतो, गुडघे वाकवून अंग पुढे ठेवायची सवय लागते. पण मी बघितलं त्या दिवशी हेल्मेट, पॅड, बूट बांधण्यातच पंधरा मिनिटं गेली, नंतर नवीन पोरं भिंतीला धरून उभी. हातांना काम जवळजवळ नाहीच. पडताना मूल आधी हात टेकतं त्यामुळे मनगटाला जास्त लागतं, म्हणून रिस्ट गार्डशिवाय घालूच नका, बरेच जण फक्त नी-पॅड घेतात. आणि पावसात पोडियमची, म्हणजे पार्किंगवरच्या मोकळ्या जागेची, फरशी ओली असली की क्लास बंद, म्हणजे जून ते सप्टेंबर किती दिवस हाती लागणार ते धरूनच फी भरा.

स्विमिंगकडे मी वेगळ्या नजरेने बघते. ठाणं तलावांचं शहर, मासुंदा, उपवन, कचराळी, शिवाय सुट्टीत कोकणात समुद्र आणि विहिरी, पोराला पाणी माहीत असलंच पाहिजे. चार वर्षांच्या आसपास बहुतेक मुलं नीट शिकायला तयार होतात असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. दोन्ही हात, दोन्ही पाय आणि श्वास एका तालात आणायचे हे मेंदूला मोठंच काम आहे, आणि पाण्यात रांग कमी, बार धरून का होईना पोरं सतत पाय मारत असतात. एक गोष्ट मात्र पाण्यात मिळत नाही, अंगाचा भार पाणी उचलतं त्यामुळे उडी मारून, पळून हाडांना जो दणका बसतो तो इथे नाही. आणि पोहता आलं तरी पाच वर्षांच्या मुलापासून हातभर अंतरावर मोठं माणूस हवंच, शिकलं म्हणून नजर काढायची नाही.

मल्लखांबाने मला जिंकलं हे सरळच सांगते. एरंडेल लावलेल्या लाकडी खांबाला मूल हात, मांड्या, पोटऱ्या, तळवे सगळ्यांनी धरतं, दोरीच्या मल्लखांबात तर पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटाच्या मधे दोरी पकडायची असते. खांदे आणि पकड घट्ट झाली की पेन्सिल धरायलाही आधार मिळतो, लिहिताना पटकन हात दुखतो म्हणणाऱ्या मुलांसाठी याचा जरूर विचार करा. उलटं लटकताना आपलं अंग कुठे आहे याचं भान येतं, ते शब्दांनी शिकवता येत नाही. अडचणी दोन. एक खांब आणि चौदा पोरं, प्रत्येकाला पाचच फेऱ्या मिळाल्या, पण तिथल्या ताईंनी रांगेतल्या मुलांना बैठका आणि कोलांट्या दिल्या होत्या म्हणून वेळ वाया गेला नाही. दुसरी म्हणजे कापूरबावडी-माजिवड्याचं ट्रॅफिक, संध्याकाळी एका बाजूने पाऊण तास सहज. खाली गाद्या आहेत का आणि घाबरलेल्या मुलाला जबरदस्तीने वर चढवतात का हे बघा, आम्ही आधी गेलो त्या एका ठिकाणी रडणाऱ्या पोराला वर ढकलत होते, तिथून लगेच उठलो.

पण आता जे खरं सांगायचंय ते. या तिन्ही क्लासात बॉल नाही. फेकणं, झेलणं, नेम धरणं कुठेच नाही, आणि पुढे शाळेत कुठल्याही खेळात घेतात ते या जोरावर. मुलींच्या हातात तर बॉल आधीच कमी येतो, मुलगे क्रिकेट खेळतात आणि त्या बाकावर बसतात, मला याचं फार वाईट वाटतं. लगोरी, लंगडी, डोंगर-पाणी यात धावणं, वळणं, थांबणं, नेम सगळं येतं आणि वर फी नाही. म्हणून क्लाससाठी हा खाली खेळायचा तास कापावा लागत असेल तर क्लास नको, असं माझं ठाम मत आहे.

आम्ही शेवटी मल्लखांब आठवड्यातून दोन दिवस घेतला, ऑक्टोबरपासून स्विमिंग, तेही पोहता येईपर्यंतच, स्केटिंग सध्या नाही. रोज सहा ते सात खाली, टेनिस बॉल घेऊन. जवळ क्लास नसेल किंवा दोघंही नोकरीवरून आठला घरी येत असाल तर मी सोसायटीतलं स्केटिंगच सुचवेन, ट्रॅफिकमध्ये दीड तास बसवण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आमची लेक उजव्या पायावर अकरा लंगड्या घालते, डाव्यावर चौथ्यालाच पाय टेकतो, सध्या डावा चाललाय.