आधी या, कागद नंतर करू

थायलंडमधल्या शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी खरंच मिळते का, असं हल्ली बरेच जण विचारतात. मिळते. शाळा खरी असते, मुलं खरी असतात, महिन्याच्या शेवटी पैसेही येतात. म्हणून तर संशय यायला उशीर होतो. म्यानमारच्या म्यावाडीतल्या, ऑनलाइन फसवणूक करणाऱ्या टोळ्यांच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. थायलंडमध्ये नोकरी सांगून नेलं, सीमेवरच्या मे सोत गावातून नदीपार करून डांबलं, मार्च २०२५ मध्ये पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं, वगैरे. ते वाचून डोक्यात बसतं की फसवणूक म्हणजे तशी. मला कोणी डांबलं नाही. पासपोर्ट माझ्याच पर्समध्ये होता. रोज सकाळी शाळेत जायचे, संध्याकाळी खोलीवर यायचे, आणि दर महिन्याला लुटली जायचे.

एजंट पुण्याचा. एमए, बीएड आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेतला अनुभव एवढं ऐकल्यावर म्हणाला, ‘ताई, तुमचं तर झालंच समजा.’ फी पंच्याऐंशी हजार, त्यात पदवीच्या ‘अपोस्टिल’चे, म्हणजे परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून मारायच्या शिक्क्याचे, बारा हजार धरलेले. थायलंड अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारातच नाही, तिथे कागदपत्रं वेगळ्या पद्धतीने साक्षांकित करून घ्यावी लागतात, हे मला तिथे गेल्यावर एका फिलिपिनो शिक्षिकेकडून कळलं. थोडक्यात, बारा हजारांचा तो शिक्का तिथल्या कार्यालयांत कामाचा नव्हता. फीबद्दलही सांगून ठेवते. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्या एजंटाला भारत सरकारच्या ई-मायग्रेट यंत्रणेत नोंदणी लागते आणि त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. आमच्या साहेबांच्या पावतीवर लिहिलं होतं ‘करिअर समुपदेशन’. नोकरी हा शब्द कागदावर कुठेही नाही. पैसे मात्र कंपनीच्या खात्यावर न घेता त्यांच्या वैयक्तिक यूपीआयवर.

१५ जुलै २०२४ पासून भारतीयांना थायलंडमध्ये व्हिसाशिवाय साठ दिवस राहायची मुभा मिळाली होती. या धंद्यातल्या लोकांना ती पर्वणीच ठरली. नोकरीचा एकही कागद न दाखवता माणूस दोन महिने तिथे ठेवता येणार होता. ‘आधी या, कागद नंतर करू. विमानतळावर विचारलं तर फिरायला आले म्हणायचं, परतीचं तिकीट मी देतो.’ दुसरं सत्र नोव्हेंबरला सुरू होतं, म्हणून मी ऑक्टोबरच्या अखेरीस गेले.

शाळा इसानमध्ये, म्हणजे ईशान्य थायलंडमध्ये, खोन केन शहरापासून बसने दोनेक तासांवरच्या गावात. शाळेबद्दल माझी तक्रार नाही. साडेसातला फाटकावर उभं राहायचं, येणारं प्रत्येक मूल हात जोडून वाकून ‘गुड मॉर्निंग, टीचा’ म्हणणार. आठला झेंडा, राष्ट्रगीत, प्रार्थना, मग मुख्याध्यापकांचं भाषण, आणि उन्हात रांगेत बसलेली मुलं. गुरुवारी सगळे स्काउटच्या गणवेशात, शिक्षकसुद्धा. वर्गात पंचेचाळीस मुलं, त्यातली पाच ऐकणार, बाकीची इतकी गोड हसणार की रागावणं जमत नाही. नापास कोणालाच करायचं नाही हा अलिखित नियम. आज क्रीडादिन, उद्या कोणी अधिकारी येणार म्हणून तालीम, असं करत अर्धे तास बुडायचे आणि ते कोणाला फारसं खटकायचं नाही. ऑफिसबाहेर चपला काढायच्या, जेवायला कँटीनमध्ये मुलांबरोबरच ताट घ्यायचं. आपल्याकडच्या शाळेत वीस वर्षं काढलेल्या बाईंनाही तिथे पहिल्या आठवड्यात घरच्यासारखं वाटेल. आणि घरच्यासारखं वाटलं की माणूस कागद मागत नाही.

पगार ठरला होता पंचवीस हजार बाट, म्हणजे साठ हजार रुपयांच्या वर. हातात आले अठरा हजार. बँकॉकच्या एजन्सीची बाई (पुण्याचा एजंट नुसता माणसं पुरवायचा, नोकरी हिच्यामार्फत) ‘लाइन’ या चॅट ॲपवर हिशोब पाठवायची: अडीच हजार ‘व्हिसा फंड’, दोन हजार कर, अडीच हजार खोलीचं डिपॉझिट. हा हिशोब मी इथे उलगडून देते, कारण इतरांनाही हाच दाखवला गेल्याचं मला माहीत आहे.

वर्षभराच्या वर्क परमिटची सरकारी फी तीन हजार बाट, अर्जाचे शंभर वेगळे. माझ्या ‘व्हिसा फंडा’त दुसऱ्याच महिन्यात पाच हजार झाले होते. कर तर अजब. थायलंडमध्ये पगारातून खर्चापोटी निम्मी, कमाल एक लाख बाट वजावट मिळते, शिवाय स्वतःसाठी साठ हजारांची, आणि त्यानंतर उरलेल्या पहिल्या दीड लाखावर कर नाही. पंचवीस हजारांच्या पगाराचे वर्षाचे तीन लाख होतात. वजावटी जाऊन उरले एक लाख चाळीस हजार. कर शून्य! आणि कापलाच असेल तर कर कापल्याचा दाखला द्यावा लागतो, तो मागितल्यावर बाईंनी आधी हसणाऱ्या अस्वलाचं स्टिकर पाठवलं आणि मग दोन दिवस मेसेज वाचलेच नाहीत. डिपॉझिट दर महिन्याला कसं कापतात, हे विचारायचं मी सोडून दिलं.

आता खरी मेख. वर्क परमिट कधी, असं विचारलं की एजन्सी म्हणायची, ‘शाळेने करायचंय, मुख्याध्यापकांची सही अडलीय.’ मुख्याध्यापकांना इंग्रजी येत नाही आणि मला थाई येत नाही. शाळेला तीच एजन्सी सांगत होती की परमिट आम्ही करतोय, तुम्ही काळजी करू नका. दोन्हीकडे उत्तर तयार, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांशी बोलू शकत नाहीत याची खात्री. मध्ये मला एक फोटोही पाठवला होता, वर गरुडाचं सरकारी चिन्ह, खाली सही-शिक्का, आणि मजकूर ‘तुमचं काम झालं’. तो मी जपून ठेवला होता.

साठ दिवस संपत आले तेव्हा मुदत वाढवायला इमिग्रेशनमध्ये जावं लागलं. तीस दिवसांचे एकोणीसशे बाट. अर्जावर कारण लिहायचं: पर्यटन. शाळेचं ओळखपत्र गळ्यात होतं, ते बाहेर मोटारसायकलवाल्याकडे ठेवायला एजन्सीच्या माणसाने सांगितलं. त्याने ते सहज सांगितलं, बूट बाहेर काढा म्हणावं तसं. जानेवारीत तेही दिवस संपले, तेव्हा नोंग खायच्या पुलावरून लाओसला जाऊन परत यायचं. लाओसचा व्हिसा, बस, सगळं माझ्या खर्चाने. परतताना थाई अधिकाऱ्याने आधीच्या शिक्क्यावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ‘टूरिस्ट?’ तीन महिने एकाच गावात राहणारी टूरिस्ट कोण असते, हे त्यालाही कळत होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी फाटकावरच इंग्रजी विभागाच्या प्रमुख बाईंनी मला बाजूला घेतलं. कामगार खात्याचे लोक तपासणीला यायचे होते. मला कँटीनच्या मागे तांदळाची पोती ठेवलेल्या खोलीत बसवलं. बाहेर दहावीच्या वयाची मुलं माझ्या तासाला मोकळी हुंदडत होती, एका मुलाने खिडकीतून आत बघून ‘टीचा, हाइड अँड सीक?’ विचारलं. तपासणीवाले दुपारपर्यंत आलेच नाहीत. पण त्या खोलीत कँटीनवाल्या आजींनी दिलेला भात खाताना मी तो गरुडाचा फोटो प्रमुख बाईंना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, दोनदा वाचलं. ते शाळेने जिल्ह्याच्या शिक्षण कार्यालयाला पाठवलेलं इंग्रजी कॅम्पच्या तारखांचं पत्र होतं. माझं नावसुद्धा त्यात नव्हतं.

मग बाईंनी ऑफिसातून एजन्सीबरोबरचा करार काढला. शाळा एजन्सीला महिन्याला छत्तीस हजार बाट देत होती, आणि देत होती ‘नेटिव्ह’ शिक्षकासाठी, म्हणजे इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशातल्या माणसासाठी. ज्याचं नाव करारात होतं, तो आलाच नव्हता. त्याच्या जागी स्वस्तातली मी. मी परमिटसाठी अर्ज केला असता तर शाळेच्या फाइलला माझं नाव, माझा देश, माझी पदवी लागली असती आणि सगळं उघडं पडलं असतं. शिवाय आपल्यासारख्यांकडून टोइकसारख्या इंग्रजी परीक्षेचा निकाल मागतात आणि शिक्षक परिषदेची, म्हणजे खुरुसफाची, तात्पुरती परवानगी लागते. ती विशिष्ट शाळेच्या नावाने मिळते. यातलं काहीही पुण्याच्या एजंटाने कधी उच्चारलं नव्हतं. परमिट अडकलं नव्हतं. ते काढायचंच नव्हतं.

आणि त्यात एजन्सीचा दुहेरी फायदा. मी शेवटच्या महिन्याचा पगार आणि ‘डिपॉझिट’ मागितलं तेव्हा एजन्सीच्या बाईंचं उत्तर पहिल्यांदाच लगेच आलं: तुम्ही परमिटशिवाय काम केलंय, तक्रार केलीत तर पोलिस तुम्हालाच पकडतील. हे खोटंही नाही. विनापरवाना काम करणाऱ्या परदेशी माणसाला पाच ते पन्नास हजार बाट दंड, हकालपट्टी, आणि पुढची दोन वर्षं परमिट नाही. बेकायदा ठेवलेला माणूस बोलत नाही, हे भांडवल त्यांनी पहिल्या दिवसापासून जपलेलं असतं.

पण त्या धमकीला दुसरी बाजू आहे आणि ती मला प्रमुख बाईंनी दाखवली. परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्याला प्रत्येक माणसामागे दहा हजार ते एक लाख बाट दंड आहे, म्हणजे माझ्या दुप्पट. शाळाही त्यात अडकते, म्हणून मुख्याध्यापक हलले. एजन्सीचा शेवटचा हप्ता शाळेने अजून दिलेला नव्हता, तो त्यांनी रोखला. दोन दिवसांत माझ्या खात्यावर शेवटचा पगार जमा झाला. डिपॉझिट आणि ‘फंड’ बुडाले ते बुडाले. सत्र संपताच, मुक्कामाची मुदत शिल्लक असतानाच मी निघाले. तिथे भांडत बसून मुदत उलटली असती तर दिवसाला पाचशे बाट दंड वेगळा.

जायचं असेल तर जरूर जा, पण क्रम उलटू देऊ नका. शाळेचं तुमच्या नावाचं पत्र आणि करार आधी, त्यावर नॉन-इमिग्रंट बी, म्हणजे नोकरीसाठीचा, व्हिसा भारतात असतानाच, थाई ई-व्हिसाच्या अधिकृत संकेतस्थळावरून, मग विमान. वर्क परमिटमध्ये मालकाचं नाव आणि कामाची जागा लिहिलेली असते, ती आपल्याच शाळेची आहे ना हे बघा. करार थाईत असेल तर एजन्सीच्या माणसाकडून वाचून घेऊ नका. शाळेतल्या एखाद्या शिक्षिकेला दाखवा, तेही पहिल्या आठवड्यातच. एजन्सी वाईटच असते असं नाही. माझ्या शेजारच्या शाळेतल्या फिलिपिनो बाईही एजन्सीकडूनच आलेल्या, आणि त्यांचं निळं परमिट पुस्तक आमच्या पहिल्या भेटीतच त्यांनी पर्समधून काढून दाखवलं होतं. त्यांच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे साडेसातशे तेवढे कापले जायचे.

पुण्याच्या एजंटाविरुद्ध मी पोलिसांत आणि मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स, म्हणजे परदेशी नोकरीला जाणाऱ्यांसाठीच्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला आहे. त्यांनी आधी विचारलं ते यूपीआयचे व्यवहार आणि एजंटाने पाठवलेले व्हॉइस मेसेज. व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज तो नंतर ‘सर्वांसाठी डिलीट’ करतो, माझे तीन तसे गेले. ज्यांचं बोलणं सध्या चालू आहे त्यांनी ते आजच दुसरीकडे साठवून ठेवावेत. मे महिन्याच्या सत्रासाठी त्याची जाहिरात पुन्हा लागली आहे.