तीन फिजिओ, एक गुडघा: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

मी ६३ वर्षांची निवृत्त शिक्षिका आहे आणि नाशिकच्या सिडकोत लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहते. गेल्या जूनमध्ये उजव्या गुडघ्याचा एक्स-रे पाहून अस्थिरोगतज्ज्ञांनी ‘गॅप कमी झाला आहे, तिसरी श्रेणी’ असे सांगितले. ही श्रेणी केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ साली मांडलेल्या, सांध्याची झीज मोजणाऱ्या शून्य (झीज नाही) ते चार (सर्वांत जास्त) या मोजपट्टीवरची आहे. शस्त्रक्रियेची घाई नव्हती. गुडघ्यात इंजेक्शन घ्यायचे की फिजिओथेरपी करायची, एवढाच प्रश्न होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या १५६ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षअखेरीस स्टेरॉइडच्या इंजेक्शनपेक्षा फिजिओथेरपी घेतलेल्यांचे दुखणे आणि हालचाल या दोन्ही गोष्टी अधिक सुधारल्या होत्या, हे मुलाने वाचून दाखवले आणि मी दुसरा मार्ग धरला. शेक, करंट वगैरे यंत्रांविषयी मी येथे लिहीत नाही; केवळ हाताने केल्या जाणाऱ्या तीन पद्धतींविषयी लिहिते.

पहिल्या दहा सिटिंग गंगापूर रोडवरच्या एका दवाखान्यात मेटलंड पद्धतीच्या झाल्या. हिच्यात रुग्णाने काही करायचे नसते. आपण उताणे पडून राहायचे आणि फिजिओने नडगीचे हाड किंवा गुडघ्याची वाटी धरून लयीत, थोडे थोडे सरकवायचे. या सरकवण्याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: पहिल्या दोन पायऱ्यांवरची हालचाल अगदी हलकी असते आणि ती दुखणे शमवण्यासाठी असते. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर सांधा जिथे अडतो त्या टोकापर्यंत नेतात, कारण तिथे उद्देश आखडलेपणा सोडवण्याचा असतो. हा फरक मला फार महागात पडून समजला. गुडघा सुजलेला असताना एके दिवशी एका शिकाऊ मुलाने थेट टोकाचा दाब दिला आणि पुढचे चार दिवस मी भिंत धरून चालले. दोष पद्धतीचा नव्हता, त्या दिवशी निवडलेल्या पायरीचा होता. तरीही सूज आधी पाहायला हवी होती, ही माझी तक्रार आहे. मुख्य मॅडमच्या हाताने मात्र सकाळचा ताठरपणा पाऊण तासावरून पंधरा-वीस मिनिटांवर आला.

दुसरी पद्धत मलिगनची. न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगन यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत मला तिन्हींत सर्वांत उपयोगी वाटली. कॉलेज रोडच्या फिजिओ माझ्या कमरेएवढ्या उंचीच्या टेबलावर मला पालथे झोपवत, नडगीचे हाड किंचित आत किंवा बाहेर सरकवून धरून ठेवत आणि ‘आता तुम्ही स्वतः वाकवा’ म्हणत. अट एकच, वाकवताना अजिबात दुखता कामा नये. दुखले तर त्या धरण्याची दिशा बदलत. बाहेरच्या बाजूला सरकवून माझे काहीच भागले नाही. नडगी आतल्या बाजूला फिरवून धरल्यावर मात्र जो गुडघा तीन वर्षे अडत होता तो निमूटपणे वाकला. टाच आणि नितंब यांमधले अंतर मी घरी विती लावून मोजत असे: सुरुवातीला दीड वीत, त्या सिटिंगनंतर जेमतेम एक. आठ सिटिंगनंतर पट्ट्याने हेच स्वतः करायला त्यांनी शिकवले, त्यामुळे खर्चही तिथेच थांबला.

तिसरी म्हणजे स्नायूंवरची. मांडीच्या मागचा स्नायू फिजिओच्या हाताविरुद्ध हलक्या जोराने पाच-सात सेकंद दाबून धरायचा, सोडायचा आणि मग ताणायचा. जोडीला मांडीच्या बाहेरच्या बाजूला मोकळे करणारे मर्दन. घेताना हीच सर्वांत सुखद. पंचवटीहून सिटीलिंकच्या बसने घरी येईपर्यंत पाय हलका वाटे, दुसऱ्या सकाळी मात्र मूळपदावर. सहा सिटिंगनंतर मी थांबले.

ही तुलना काटेकोर नाही, हे मला मान्य आहे. तिन्ही पद्धती एकामागून एक घेतल्याने पहिलीचा फायदा दुसरीच्या खात्यावर जमा झालेला असू शकतो आणि याच काळात माझे वजन चार किलोंनी उतरले, जे गुडघ्यासाठी लहान नाही. पण दिवाळीने एक गोष्ट उघड केली. फराळाच्या गडबडीत तीन आठवडे मी घरचा व्यायाम सोडला आणि सिटिंग मात्र चालू ठेवल्या. तेव्हा आराम दुसऱ्या दिवसापुढे टिकेना. पुढे उलटे झाले, सिटिंग संपल्या पण खुर्चीवरून उठ-बस, सरळ पाय उचलणे आणि पायरीवर चढणे रोज चालू राहिले, तरी दुखणे परतले नाही. तीस सेकंदांत हातांचा आधार न घेता मी पूर्वी सात वेळा उठू शकत होते, आता अकरा वेळा उठते.

हाताने केलेल्या उपचारांचा उपयोग मी एवढाच मानते की, दुखरा गुडघा तासाभरासाठी इतका मवाळ होतो की व्यायाम करवतो. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस (NICE) संस्थेची २०२२ ची मार्गदर्शिकाही हाताचे उपचार व्यायामाच्या जोडीनेच घ्यावेत असे म्हणते. मात्र न्यूझीलंडच्या २०६ जणांच्या अभ्यासात हाताचे उपचार आणि व्यायाम हे वेगवेगळे दोन्ही उपयोगी ठरले, एकत्र केल्याने अधिक भर पडली नाही. माझ्या अनुभवाशी हे जुळत नाही, पण माझा अनुभव एका गुडघ्याचा आहे.

पुन्हा सुरुवात करायची झाली तर मी मलिगनच्या सहा-आठ सिटिंग घेईन, पट्ट्याचा वापर शिकेन आणि उरलेले पैसे वाचवीन. मांडी घालून बसणे अजून जमत नाही, देवघरात पाट सोडून स्टूल वापरते. गेल्या आठवड्यात पांडवलेणीच्या पायऱ्या तीन ठिकाणी थांबत चढले. उतरताना मात्र कठडा सोडला नाही.