23,400 रुपये गेले, गिटारचा अँप आलाच नाही

23,400 रुपये. आकडा आधीच लिहितोय, कारण आठवडाभर मी घरातसुद्धा "पाच-सहा हजार गेले" असंच सांगत होतो. लाज वाटत होती. अजूनही वाटते.

माझ्याकडे चाळीस वॉटचा जुना ट्यूब अँप आहे, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारा अँप्लिफायर, वीस किलोचा. डोंबिवलीतल्या वन बीएचकेत तो वाजवायचा म्हणजे रोजचं भांडण. आवाज एकवर ठेवला तर टोन मेलेला, दोनवर नेला की खालच्या मजल्यावरचे काका दारात. त्यात मुलगी दहा महिन्यांची. नुसता कमी वॉटचा घेऊनही भागत नाही, वॉट निम्मे केले तरी फरक पडतो जेमतेम तीन डेसिबलचा. हळू आवाजातही भरलेला वाटावा म्हणूनच बनवलेला, एका हाताने उचलता येईल असा अँप हवा होता. यामाहाचा टीएचआर 10 टू वायरलेस डोक्यात बसला. वजन तीन किलोच्या आसपास, आत चार्ज होणारी बॅटरी. नवा परवडत नव्हता. सेकंडहँड शोधताना एका जाहिरातीत 16,500 ला दिसला.

विकणारा म्हणाला, आर्मीत आहे, बदली झालीय, सामान कमी करतोय. हो, तोच प्रकार, आर्मीचं नाव सांगून आगाऊ पैसे उकळायचा. पुढचं तुम्हाला माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. माझ्या मेहुण्याला सोफ्याच्या व्यवहारात मीच अडवलं होतं. पण हा माणूस टोनबद्दल बोलत होता. सिंगल कॉइल पिकअपच्या गिटारवर स्वच्छ आवाज किती छान लागतो, रात्री हेडफोन लावून कसा वाजवतो, सगळं सांगत होता. गिटार वाजवणारा गिटारवाल्याला फसवणार नाही, असं मी मनाशी कधी धरून बसलो ते मलाच कळलं नाही.

आणि तो फोटो. बॅटरी दाखव म्हटलं तर त्याने अँप उपडा ठेवलेला फोटो पाठवला. आठ पेन्सिल सेलचा कप्पा उघडा, दोन सेल फुगलेले, स्प्रिंगवर हिरवट थर. पेन्सिल सेलवर चालतो तो 2011 चा पहिला टीएचआर 10. मला हवा होता तो टू, म्हणजे दुसरी आवृत्ती, 2019 मध्ये आला, आणि त्याच्या वायरलेसमध्ये सेल घालायचा प्रश्नच नाही. मला हे पाठ होतं, महिनाभर दुसरं काही वाचलंच नव्हतं. फोटो मोठा करून मी ते सेल मोजलेसुद्धा. आठ. तरी गप्प बसलो. चुकून दुसरा फोटो आला असेल, विचारलं तर व्यवहार फिसकटेल, असं स्वतःला समजावलं. तेवढ्यात त्याचा मेसेज, पुण्याचा एक जण संध्याकाळी पैसे पाठवतोय. पाच मिनिटांत मी 2,000 टोकन पाठवलं. वस्तू आणि फोटो जुळत नसेल तर तिथेच फोन ठेवा. कारण विचारत बसू नका, त्यांच्याकडे कारण तयार असतं.

मग गेटपासचे 3,450, "रिफंडेबल". मग तेच 3,450 पुन्हा, कारण पहिले "सिस्टीमला दिसत नाहीत". मग खाकी टेप लावलेल्या खोक्याचा फोटो, वर माझं नाव-पत्ता. ते बघून उरलेले 14,500. पुढे 9,999 मागितले तेव्हा थांबलो. मी काही अडाणी नाही. सोळा वर्षं अकाउंट्समध्ये आहे, दिवसाला पन्नास बिलं तपासतो. पण रात्री साडेअकराला मांडीवर मूल झोपवून, एका हाताने फोन धरून बघा तपासून.

खरी चीड पुढची आहे. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, सतरा वेळा फोन लावला, अठराव्यांदा लागला. तक्रार क्रमांक मिळाला. (पैसे गेल्या क्षणी लावा, सकाळची वाट बघू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवले तरच हाती लागतात.) सकाळी बँकेत. तिथल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक मी छापून नेलं होतं. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. बाई म्हणे, ते तुमच्या नकळत झालेल्या व्यवहाराला. म्हणजे खिसा कापला तर चोरी, आणि थाप मारून काढून घेतले तर माझी हौस? निदान समोरचं खातं गोठवा म्हटलं, तर म्हणे ते विकणाऱ्याची बँक बघेल. ती बँक म्हणते, पोलिसांचं पत्र आणा.

पोलीस ठाण्यात दीड तास बाकावर बसवलं. हवालदारांनी विचारलं, "अ‍ॅप कुठून डाउनलोड केलं?" म्हटलं साहेब, अ‍ॅप नाही, अँप. गिटारचा, स्पीकरसारखा असतो. त्यांनी लिहिलं, 'मोबाईल अ‍ॅप खरेदी'. दुरुस्त करा म्हटलं तर "तक्रार द्यायचीय की शुद्धलेखन तपासायचंय?" नंतर कळलं की विकणाऱ्याचं खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, मग "आमच्या हद्दीत येत नाही". भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं, हद्द कुठलीही असो, माहिती नोंदवून घ्यायची. तसं बोललो तर वकील घेऊन या म्हणाले. माझे पैसे, माझा अर्ज, माझ्या तीन रजा, आणि गुन्हेगारासारखा उभा मीच. आज एक्केचाळीस दिवस झाले. सायबर तक्रारीच्या पोर्टलवर 'अंडर प्रोसेस'.

छोटा अँप घ्यायचाच तर स्वतःची गिटार घेऊन जा, आवाज तुमच्या घरात चालेल तेवढाच ठेवून वाजवा, नॉब फिरवताना खरखर येते का ऐका. लांबचा असेल तर व्हिडिओ कॉलवर सिरियल नंबरशेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला लावा. मी हे मागितलं नाही.

परवा तोच फोटो पुन्हा दिसला. निळ्या चौकटींची चादर, उपडा अँप, आठ सेल. नाव वेगळं, किंमत 14,000. मी तक्रार टाकलीय, जाहिरात अजून तशीच आहे. तुम्हाला दिसली तर एक रुपयाही पाठवू नका.