छोट्या मातीच्या शिल्पांची भाजणी: ९००, १०००, १०६० की ११२० अंश?

वीतभर उंचीचं शिल्प वाळून तयार आहे, भट्टीत जागाही आहे, आणि किती अंशांवर भाजायचं हेच ठरत नाहीये. लाल मातीसाठी साधारण चार टप्पे समोर येतात: ९००, १०००, १०६० आणि ११२० अंश सेल्सिअस. जितकं जास्त भाजावं तितकं पक्कं, असं म्हणतात. भांड्यांच्या बाबतीत ते बरंचसं खरंही आहे. पण शिल्पात पाणी भरायचं नसतं, रोजची घासाघीस नसते. म्हणून शिल्पाचं तापमान ठरवताना मी दोनच गोष्टी पाहते: भाजून झाल्यावर त्यावर काय करायचंय आणि ते कुठे राहणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करते. फुटण्याच्या भीतीने अनेक जण कमी तापमान निवडतात. पण ओलावा राहिला असेल तर शिल्प १०० अंशांच्या आसपास, आतल्या पाण्याची वाफ होताना फुटतं. त्यानंतरचा नाजूक टप्पा ५७३ अंशांचा. तिथे मातीतलं क्वार्ट्झ हे खनिज एकदम फुगतं आणि थंड होताना त्याच ठिकाणी पुन्हा आकसतं. हे दोन्ही टप्पे चारही भाजण्यांत लागतात. त्यामुळे ९०० निवडून फूट टळत नाही. ती टळते पूर्ण वाळवण्याने, जाड भाग आतून कोरून हवेला वाट ठेवण्याने आणि पहिले ६०० अंश सावकाश चढवण्याने.

आता ९०० अंश. घोटून चमकवलेल्या शिल्पाला हेच हवं. गुळगुळीत गोट्याने तासभर घोटलेल्या पक्ष्याच्या पाठीवर जी मऊ झळाळी येते, ती १००० च्या पुढे मंदावते, कारण माती आकसते आणि घोटून बसवलेला वरचा थर विस्कटतो. रंग फिकट नारिंगी येतो. उणीव ताकदीत आहे. ठिकरी जिभेला लावली तर चिकटते, इतकी ती पाणी शोषते. वाजवली तर आवाज बद्द येतो. पक्ष्याची चोच काडीसारखी बारीक असेल, तर शिल्प उचलताना कधीतरी ती हातात येणारच. गोळीबंद, जाडसर आकार असेल तर ९०० खुशाल निवडा.

१००० अंश, म्हणजे साधारण ०६ नंबरचा कोन (भट्टीत ठेवायचा छोटा शंकू, ठरावीक उष्णता मिळाली की वाकणारा), मला रंगवायच्या शिल्पांसाठी सर्वांत आवडतो. विटेसारखा उबदार लाल रंग येतो, बोटं-कानांसारखे बारीक भाग बऱ्यापैकी टिकतात, आणि पृष्ठभाग अजून सच्छिद्र असल्यामुळे अ‍ॅक्रिलिक रंग किंवा मेण आत मुरतं. रंग नुसता वर बसला तर नखाने निघतो, मुरला की निघत नाही.

ग्लेझ, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप, द्यायचं असेल तर मी १०६० म्हणजे ०४ च्या कोनाकडे जाते. कमी तापमानाची बरीच ग्लेझ १००० च्या आसपास वितळतात. पहिली भाजणी त्याहून वर केली की मातीतले वायू आधीच निघून जातात आणि ग्लेझमध्ये टाचणीएवढी भोकं कमी पडतात. ग्लेझवर केसासारख्या रेघा येण्याचं प्रमाणही सहसा कमी होतं. मात्र माती आता पाणी कमी ओढते, म्हणून ग्लेझचा थर जरा सावकाश, जाडसर द्यावा लागतो. ग्लेझ नको असलं तरी लांब हात किंवा शिंगं असलेल्या शिल्पाला १०६० ची ताकद उपयोगी पडते.

११२० मी सहज सुचवणार नाही. काही लाल माती तिथे घट्ट, तपकिरी आणि सुंदर होते, काही मऊ पडते. वर उचललेला हात खाली झुकतो, पोटाला फोड येतात. तुमच्या मातीचा नमुना आधी भाजून पाहिल्याशिवाय शिल्प तिथवर नेऊ नका. उघड्यावर ठेवायचंय एवढ्यासाठीही नको. मातीत पाणी मुरून गोठत असेल तर पापुद्रे निघतात, आणि केवळ तापमान वाढवल्याने ते थांबेलच असं नाही.

एक मोठा घोळ कोनच्या आकड्यांत होतो. शून्याने सुरू होणाऱ्या नंबरांत आकडा वाढतो तसं तापमान उतरतं, म्हणून ०६ हा ०४ पेक्षा थंड. आणि ०६ ऐवजी ६ लावला तर भट्टी १२०० च्या वर जाते. साधी लाल माती तिथे वितळून फळीला चिकटते. भट्टी सुरू करण्यापूर्वी ते शून्य दोनदा तपासा. शिवाय मीटर फक्त तापमान सांगतो, कोन मात्र तापमान आणि वेळ दोन्ही सोसून वाकतो. भट्टी सावकाश चढली तर तोच कोन थोड्या कमी तापमानाला वाकतो. म्हणून शिल्पाशेजारी कोन ठेवावाच.

अजूनही ठरत नसेल तर १००० वर भाजा. कमी वाटलं तर तेच शिल्प पुन्हा १०६० वर नेता येतं, जास्त भाजलेलं मागे आणता येत नाही. फक्त मधे त्यावर रंग किंवा मेण लावू नका, आणि दुसऱ्या वेळीही ५७३ चा टप्पा हळू पार करा. त्याच मातीच्या दोन चकत्या सोबत भाजून ठेवा. भाजलेली चकती कोरडी तोला, दिवसभर पाण्यात बुडवा, पुसून पुन्हा तोला. १०० ग्रॅमची ११२ झाली तर ती १२ टक्के पाणी पिते. दोन तापमानांच्या चकत्यांचे आकडे शेजारी मांडले की तुमची माती कुठे घट्ट होते ते दिसतं.