युरोप रोड ट्रिपचं प्लॅनिंग, नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या ट्रॅव्हलवाल्यांकडून

म्युनिक, इन्सब्रुक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, लुझर्न आणि परत म्युनिक, अकरा दिवस, गाडी आपणच चालवायची. व्हिसाचं काम एक नंबर केलं यांनी. जास्त रात्री इटलीत म्हणून अर्ज इटलीचाच, 30,000 युरोचा इन्शुरन्स, फाइल एकदम टापटीप. इंटरनॅशनल परमिट मात्र पेठ रोडच्या आरटीओतून मीच काढून आणलं.

पण रस्त्याचं काही विचारलं की साहेब गारच! टोलचं विचारलं तर म्हणे "फास्टॅगसारखंच असतं काहीतरी". अहो नसतं ना तसं, जर्मनीत कारला टोलच नाही, ऑस्ट्रियाला व्हिनिएट, म्हणजे हायवेचा आधीच घ्यायचा पास, लागतं आणि इटलीकडे जाणाऱ्या ब्रेनर घाटाच्या रस्त्याचे पैसे वर वेगळे, स्वित्झर्लंडचं 40 फ्रँकचं वर्षभराचंच घ्यावं लागतं मग तुम्ही दोन दिवस फिरा नाहीतर दोन तास, आणि इटलीत आपलं तिकीट घ्या न् उतरताना पैसे भरा.

कहर म्हणजे फ्लॉरेन्सचं हॉटेल. जुन्या शहरात बुक केलं, तिथे झेडटीएल, म्हणजे परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि दंड नंतर घरपोच, वर रेंटलवाले कार्डावरून त्यांची फी कापणार ती वेगळीच. बायकोने मॅपवर बघितलं म्हणून वाचलो. हॉटेल बदलून दिलं पण फरकाचे पैसे आमच्याकडूनच घेतले. चहा मात्र दरवेळी पाजला, आल्याचा.

व्हिसासाठी बिनधास्त जा. रूट घरी बसून स्वतःच करा.