लोटस ७९ चं १:१८ मॉडेल: आधी उलटं करून बघा

१९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्तीला फॉर्म्युला वन शर्यतींचा जगज्जेता करणारी ही काळी-सोनेरी गाडी. मॉडेल हातात आलं की मी आधी तळ बघते. बाजूच्या पॉड्सखाली (चालकाच्या दोन्ही बाजूंचे रुंद भाग) उलट्या विमानपंखासारखा बाक हुबेहूब उतरलाय: तिथून हवा वेगाने जाते, दाब घटतो, गाडी रस्त्याला चिकटते. खऱ्या गाडीत कडेचे सरकते स्कर्ट, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या उभ्या पट्ट्या, बाहेरची हवा आत शिरू देत नसत. इथे ते एकसंध ओतलेत, सरकत नाहीत. याचं फार वाईट वाटलं, सगळी करामत तर त्यांचीच! फॉर्म्युला वनने १९८३ ला सपाट तळ सक्तीचा केला आणि तळातले हे बाकदार हवेचे बोगदे गेले, ते थेट २०२२ ला परतले. रंगकाम सुरेख, टायर ठीक. वायुगतिकीचं वेड असेल तर जरूर घ्या.